टॉवेलाखालचा सौदा

एकोणीसशे सदुसष्ट सालचा फेब्रुवारी महिना. मुंबईत बॅलार्ड पिअरच्या एका सरकारी इमारतीत, दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात लाकडी बाकावर मी आणि आप्पा बसलो होतो. मुलाखतीला सकाळचं बोलावलं होतं. दुपारचा चहा फिरून गेला तरी माझं नाव काही पुकारलं नव्हतं.

"रत्ना, ह्या भिंतीचा रंग बघ," आप्पा म्हणाले. "आपली राजापुरी हळद दोन पावसाळे पेवात राहिली की अशीच दिसती."

"आप्पा, हळू बोला."

"हळूच बोलतोय की."

आप्पांचं हळू म्हणजे सांगलीच्या हळद पेठेतलं हळू. व्हरांड्याच्या त्या टोकाचा शिपाईसुद्धा भिंतीकडे बघायला लागला. आप्पांचं नाव आदगोंडा मगदूम. पेठेत आमचं अडतीचं दुकान होतं. शेतकऱ्याची हळद यायची, आप्पा ती खरेदीदाराला लावून द्यायचे आणि मधली अडत घ्यायचे. हळदीचा हंगाम तोंडावर आलेला असताना दुकान माझ्या थोरल्या भावावर टाकून ते माझ्याबरोबर मुंबईला आले होते, आणि ही गोष्ट त्यांनी प्रवासात मला एकदाही ऐकवली नव्हती.

शेजारच्या बाकावर टाय लावलेला एक तरुण होता. बराच वेळ माझ्याकडे बघून तो अदबीनं म्हणाला, "ताई, टायपिस्टच्या मुलाखती खालच्या मजल्यावर आहेत. तुम्ही उगाच इथे थांबलाय."

मी काही बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "न्हाई, हिची हितंच हाय. तुमचं काय चुकलं असंल तर बघून या."

टायवाला हसला. मग मीही हसले. 

जागा होती केंद्र सरकारच्या परदेश व्यापार खात्यातली. मसाल्याचा माल परदेशी पाठवणारे काही व्यापारी कागदावर खरेदीचा भाव एक दाखवत, आणि प्रत्यक्षात तो दुसराच असे. खरा भाव बाजारात जाऊन काढायचा, मालाची प्रत तपासायची, आणि पुढे जमलं तर परदेशात आपल्या मालाला गिऱ्हाईक मिळवायचं, असं त्या अधिकाऱ्याचं काम. मला ते हवं होतं. लहानपणी हरिपूरला पेवातून, म्हणजे जमिनीतल्या कोठारातून, हळद काढून पोती भरली जात, तेव्हा पोत्यांवर काळ्या शाईनं गावांची नावं छापत. एडन, बसरा, योकोहामा. मी अक्षरं जुळवून वाचायची आणि आप्पांना विचारायची, ही गावं कुठल्या तालुक्यात आली? आप्पा म्हणायचे, मला तरी कुठं ठाऊक, माझं काम मिरज स्टेशनापर्यंत. पोतं जातं तिथं आपल्याला जाता येत नाही, हे मला त्या वयातसुद्धा पटलं नव्हतं.

मी बी.कॉम. झाले, लेखी परीक्षेत वरच्या नंबरात आले. पण आदल्या वर्षी याच जागेच्या मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला होता, "तुम्ही बाईमाणूस, बाजारात कशा फिरणार?" माझं उत्तर पुरं होण्याआधी पुढच्या उमेदवाराची घंटा वाजली होती. वयाची अट पंचविसाची. म्हणजे हा शेवटचा डाव. हुकला असता तर साखर कारखान्याच्या ऑफिसात टाइपरायटर माझी वाटच बघत होता.

"कुमारी रत्नप्रभा मगदूम," शिपायानं पुकारलं.

मी उठले. आप्पा म्हणाले, "जा. तोंड कोरडं पडू देऊ नको. आणि लवकर ये, दिवस मावळायच्या आत जेवायचं हाय." आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर जेवत नाही. मुलाखत हुकली तरी चालेल पण दशम्या हुकायला नकोत, असा त्यांचा चेहरा होता. तो बघून मला जरा धीर आला.

आत मोठं टेबल, आणि टेबलामागे दोन गृहस्थ. मोठ्या खुर्चीत दिल्लीहून आलेले अध्यक्ष माथुर साहेब. गोल चेहरा, जाड चष्मा, आणि सगळ्या मोठ्या सरकारी साहेबांच्या असतो तसा खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल. त्यांच्या उजव्या हाताला वेलकर साहेब. हे मुंबईतले मसाल्याचे बडे निर्यातदार. सरकारला बाजारातला जाणकार हवा म्हणून त्यांना मंडळावर घेतलेलं. पांढराशुभ्र सूट, केस असे बसवलेले की वाऱ्यानंसुद्धा परवानगी घ्यावी. बोलणं इंग्रजी-हिंदीत चाललं, मी आपलं मराठीत सांगते.

माथुर साहेबांनी रुपयाच्या अवमूल्यनाबद्दल विचारलं, बिल ऑफ लेडिंगबद्दल, म्हणजे बोटीवर चढवलेल्या मालाच्या पावतीबद्दल, विचारलं, माल बोटीवर चढल्यावर भिजला तर नुकसान कुणाचं हे विचारलं. मी उत्तरं दिली. ते मान डोलवत होते. मग त्यांनी वेलकरांकडे बघितलं.

वेलकर म्हणाले, "पुस्तकातलं छान येतं तुम्हाला. तुम्ही सांगलीच्या ना? मग मी कशाबद्दल बोलणार ते तुम्हाला ठाऊक असेल. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत."

"हो, साहेब. कापडाखाली हात घालून बोटांनी बोलतात."

"ऐका, माथुर साहेब," वेलकर अध्यक्षांकडे वळले. "घेणारा आणि अडत्या समोरासमोर उभे राहतात, एकमेकांचा हात धरतात, वरून उपरणं टाकतात. आत बोटं दाबून भाव ठरतो. शेजारी उभा असलेल्यालासुद्धा कळत नाही. आणि आपल्या अधिकाऱ्याला नमुन्याची पोती विकत घ्यायची तर असंच घ्यावं लागतं, तरच खरा भाव कळतो. मी स्वतः तिथे उभं राहून सौदे केलेत. तिथे एकही बाई मी पाहिली नाही. या मुलीच्या हातात हात कोण देईल?"

माथुर साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मुद्दा आहे," ते म्हणाले.

आदल्या वर्षीची घंटा माझ्या कानात वाजायला लागली. मी म्हणाले, "साहेब, बायका तिथे दिसत नाहीत हे खरं. पण मला ते येतं."

"येतं म्हणजे?"

"थोरल्या भावाला आप्पा रोज संध्याकाळी शिकवायचे. त्याला सरावाला कुणीतरी लागायचं. म्हणून माझा हात."

भावाचं नाव नेमगोंडा. त्याला तालमीचा नाद. कुस्ती करून करून बोटं केळ्यांएवढी झालेली, आणि डोकं त्याहून थोडं मोठं. चाळीस आणि नव्वद यांतला फरक त्याला कधी धरता आला नाही. त्याला शिकवता शिकवता आप्पा दमायचे, आणि मी मात्र शिकत गेले.

"आणि परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायला तुम्हाला संकोच नाही वाटणार?" माथुर साहेबांनी विचारलं. त्यांना स्वतःलाच विचारताना संकोच वाटत होता.

"आप्पा म्हणतात, कापडाखाली गेलेला हात माणसाचा नसतो, पाटी असते."

माथुर साहेब खळखळून हसले. त्यांना आता मजा वाटायला लागली होती. दिवसभर टायवाल्यांकडून तीच तीच उत्तरं ऐकून ते कंटाळले असावेत. त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यावर एक आकडा लिहिला आणि फक्त मला दाखवला. दोनशे त्र्याऐंशी. "हा हळदीचा भाव," ते म्हणाले. "तो तुम्ही वेलकर साहेबांना कापडाखाली सांगायचा. वेलकर साहेब मला तोंडाने सांगतील. बरोबर आला तर वेलकर साहेब, तुमची हरकत मागे. चालेल?"

"चालेल की," वेलकर म्हणाले आणि त्यांनी कोटाच्या खिशातून रेशमी हातरुमाल काढला.

"साहेब, एवढा पुरणार नाही," मी म्हणाले. "मनगट झाकायला हवं."

खोलीत दुसरं कापड नव्हतं. माथुर साहेब क्षणभर विचारात पडले, मग स्वतः उठले आणि खुर्चीवरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. दाराशी उभ्या शिपायाचा चेहरा बघण्यासारखा झाला. साहेबांचा टॉवेल त्या खुर्चीवरून धोब्याखेरीज कुणी उचललेला त्यानं बघितला नसावा.

वेलकर टेबलाला वळसा घालून आले. मी उजवा हात पुढे केला, त्यांनी धरला, आणि वर टॉवेल टाकला.

आमच्या पेठेत हात आत गेला की ऐकणारा आधी समोरच्याचं मनगट हलकं दाबतो. म्हणजे, मी तयार आहे, बोला. वेलकरांनी माझा हात धरून वर-खाली हलवला. निवडून आलेल्याचं अभिनंदन करतात तसा.

मला वाटलं, मुंबईची काही वेगळी रीत असेल. मी त्यांचं मनगट दोनदा दाबलं. दोन शेकडे. याचं उत्तर म्हणून त्यांनी तसंच दोनदा दाबून द्यायला हवं होतं. त्यांचा हात नुसता पडून राहिला, सोललेल्या काकडीसारखा गार. मी पुन्हा दाबलं. त्यांनी पुन्हा हात हलवला, पण आता जरा बिचकत. मी वर बघितलं. वेलकर खिडकीबाहेर गोदीकडे बघत होते. चेहरा अगदी शांत, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

त्यांना येत नव्हतं.

तो हात पेठेतल्या कापडाखाली कधी गेलाच नव्हता. अडते आणि दलाल त्यांच्यासाठी माल घेत असणार, आणि हे मुंबईत बसून त्याची वर्णनं सांगत असणार. त्याला माझी हरकत नव्हती. पण आता त्यांना काहीतरी आकडा सांगावा लागणार होता, तो चुकणार होता, आणि चूक कुणाच्या नावावर लागणार हे उघड होतं. मी म्हटलं असतं की यांनाच येत नाही, तर माथुर साहेबांनी सांगलीच्या पोरीचं ऐकलं असतं की मंडळावरच्या जाणकाराचं? आणि ऐकलंच असतं समजा, तरी ज्या माणसाचा हात आपण कापडाखाली धरलाय त्याचं चारचौघांत सांगायचं, हे आमच्या पेठेत कुणी केलेलं मी ऐकलं नव्हतं. भाव पटला नाही तर हात सोडून बाजूला होतात. कुणी विचारलं तर म्हणतात, नाही जमलं. का जमलं नाही ते बोलत नाहीत.

"झालं का?" माथुर साहेबांनी विचारलं.

वेलकरांनी घसा खाकरला. ते आकडा बोलणार एवढ्यात मी म्हणाले, "साहेब, माफ करा. आपल्याला बाहेरून नुसता टॉवेल दिसतोय. आपल्याला काही कळायचं नाही आणि मजाही यायची नाही. मी आधी एकदा तोंडाने सांगत सांगत करून दाखवू का? मग आपल्या चिठ्ठीवरचा भाव मुक्याने सांगते."

"वा. जरूर," माथुर साहेब म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

"समजा भाव एकशे चौसष्ट आहे." मी माथुर साहेबांकडे बघून बोलत होते आणि हात वेलकरांशी बोलत होता. "आधी शेकडे. ते मनगटावर. जितक्यांदा दाबलं तितके शंभर. आता एकदाच दाबलं. ऐकणाऱ्यानं तसंच दाबून परत द्यायचं, म्हणजे कळलं."

थोडं थांबावं लागलं. मग माझ्या मनगटावर एक भीत भीत दाब आला.

"आता दशकं. ती अख्ख्या बोटांवर. एक बोट मुठीत धरलं की दहा, दोन धरली की वीस, पाची धरली की पन्नास. पन्नासाच्या पुढं जायचं तर पाची धरायची, सोडायची, आणि पुन्हा लागतील तितकी धरायची. साठाला पाची आणि मग एक. ऐकणाऱ्यानं तसंच परत द्यायचं."

वेलकरांनी माझी पाची बोटं धरली, सोडली, आणि एक धरलं. बरोबर.

"राहिले सुटे. ते बोटांच्या टोकांवर, नखापाशी. चार टोकं दाबली की चार. झाले एकशे चौसष्ट."

चार टोकांवर चार दाब परत आले. शेवटचा तर चांगला ठाम.

"एवढं सोपं?" माथुर साहेब म्हणाले.

"सोपं आहे, साहेब. फक्त समोर दहा माणसं बघत असताना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, ते अवघड."

"ते वेलकर साहेबांना छान जमतंय," माथुर साहेब म्हणाले.

वेलकरांनी पहिल्यांदाच खिडकी सोडून माझ्याकडे बघितलं. मी टॉवेलाकडे बघितलं.

"आता खरा भाव, मुक्याने," मी म्हणाले. मनगटावर दोन. ते परत आले. पाची बोटं, सोडून तीन. तेही आले. तीन टोकं. त्यावर मात्र हात थांबला. त्यांच्या मनात हिशेब चालला होता हे बोटांतून कळत होतं. मी तीन टोकं पुन्हा दाबली, सावकाश, एकेक. मग ती परत आली.

मी हात काढून घेतला आणि टॉवेलाची घडी करायला लागले. माझं सगळं पुढचं आयुष्य वेलकरांच्या जिभेवर होतं आणि ती जीभ काही हलत नव्हती.

"दोनशे," ते म्हणाले. मग थांबले. "दोनशे त्र्याऐंशी."

माथुर साहेबांनी चिठोरं टेबलावर उलटं केलं आणि लहान पोरानं टाळी पिटावी तशी टेबलावर थाप मारली. "आता मी," ते म्हणाले आणि कोटाची बाही वर सारली. नाही म्हणणार कोण? मी त्यांना एकशे बावन्न सांगितला. पण माझी बोटं त्यांच्या नखांपाशी गेली की ते हात मागे ओढायचे. "गुदगुल्या होतात हो," ते म्हणाले, आणि भाव सांगितला चारशे दहा. त्या भावानं हळद घेतली असती तर खात्याला टाळं लागलं असतं.

मी निघणार तेवढ्यात वेलकर म्हणाले, "एक शेवटचं विचारतो." ते आपल्या जागेवर जाऊन बसले होते. आवाज पुन्हा पहिल्यासारखा कडक. "समोरच्याला भाव कळतच नाहीये, असं तुमच्या लक्षात आलं, तर पेठेत काय करतात?"

"कळेपर्यंत हात सोडत नाहीत, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं. "जा तुम्ही," ते म्हणाले.

बाहेर आले तर आप्पा पिशवी खांद्याला लावून उभेच. "दिवस कलला," एवढंच म्हणाले. आम्ही जवळजवळ पळत खाली उतरलो आणि गोदीच्या भिंतीलगत एका कठड्यावर बसून दशम्या सोडल्या. अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सूर्य पाठीमागच्या इमारतींच्या छपरांवर टेकला होता. पहिला घास खाऊन झाल्यावर आप्पांनी विचारलं, "काय म्हणालं साहेब लोक?"

मी टॉवेलाची हकिकत सांगितली. वेलकरांना हात दिला, भाव सांगितला, बरोबर आला. मधलं काही सांगितलं नाही.

आप्पांनी माझ्याकडे न बघता दशमीचा तुकडा मोडला. परक्या माणसाला हात दिला याचं त्यांना वाईट वाटलं असेल असं मला वाटलं. मग म्हणाले, "हात कसा होता?"

"म्हणजे?"

"मऊ का खरखरीत?"

"मऊ."

"घट्टे?"

"नव्हते."

"पोत्यात हात घालून हळकुंड मोडून बघणाऱ्याचा हात मऊ ऱ्हात न्हाई." आप्पांनी माझ्याकडे तिरपं बघितलं. "त्याला येत होतं का?"

"भाव बरोबर आला की, आप्पा."

"ते न्हाई इचारलं."

"चटणी जरा तिखट झालीय," मी म्हणाले.

आप्पांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. तेवढ्यात वेलकर इमारतीतून बाहेर पडले. मोटारीत बसण्याआधी त्यांची आणि माझी नजरानजर झाली, आणि त्यांनी अशी मान फिरवली की माझ्या हातातली दशमी हातातच राहिली. झालं, मी मनात म्हटलं. माणसाला आपण वाचवलं की तो आपल्याला ओळख देत नाही. गेली नोकरी.

परतीच्या प्रवासात आप्पांना गाढ झोप लागली. मी साखर कारखान्याच्या टाइपरायटरचा विचार करत बसले.

पाडव्याच्या आधी नेमणुकीचा हुकूम आला. नेमगोंडानं मला खांद्यावर उचलून पेठेतून मिरवायचं म्हटलं, ते मी कसंबसं टाळलं. पण पेठेत जायचं टळणार नव्हतं. त्याच हंगामात नमुन्याची पोती घ्यायला मी सरकारी बिल्ला लावून तिथे उभी राहिले. माझ्या समोर हात करायला कुणी तयार होईना. मंडळी छपराकडे बघत होती. शेवटी आरवाडे काका म्हणून सगळ्यात म्हातारे अडते होते, ते काठी टेकत पुढे आले, उपरणं झटकलं आणि म्हणाले, "आदगोंडाची लेक हाय. तिला भाव चढा सांगितला तर तिचा बाप मला सोडणार न्हाई, आणि उतरता सांगितला तर माझी म्हातारी सोडणार न्हाई. आण हात." दुसऱ्या वर्षापासून मला कुणाची वाट बघावी लागली नाही.

वेलकरांना माझी निवड कशी मान्य झाली, हे मला पुढे चौदा वर्षं कळलं नाही. बैठकांत ते भेटत. नमस्कार करत. त्यापलीकडे बोलत नसत. एक्याऐंशी साली दिल्लीत माथुर साहेबांच्या निरोपाचं जेवण होतं. ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "मगदूम, वेलकरांनी तुम्हाला कधी सांगितलं का?"

"काय, साहेब?"

"म्हणजे नाही सांगितलं. तुम्ही दाराबाहेर गेलात आणि त्यांनी दार लावून घ्यायला सांगितलं. म्हणाले, माथुर, मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की येतं. आत्ता त्या मुलीनं तुमच्या देखत मला शिकवलं, आणि तुम्हाला कळू दिलं नाही. परदेशातल्या गिऱ्हाइकाशी बोलायला मी हिच्यापेक्षा चांगलं माणूस आणू शकत नाही. मी म्हटलं, मग तुमच्या हरकतीचं काय? तर म्हणाले, परीक्षकाला पास करून गेलेल्या उमेदवाराला नापास कसं करायचं ते तुम्ही सांगा." माथुर साहेब हसायला लागले. "शपथ घातली होती त्यांनी मला, नोकरीत असेपर्यंत बोलायचं नाही. आज संपली."

सांगलीला गेले तेव्हा आप्पांना हे सांगितलं. वेलकरांनीच कबूल केलं म्हटल्यावर आता सांगायला हरकत नव्हती. आप्पा आरामखुर्चीत होते. ऐकून म्हणाले, "मला तवाच कळलं होतं, दशम्या खाताना. तू सांगतीस का न्हाई, एवढंच बघत होतो."

आप्पा त्यानंतर सात वर्षांनी गेले. शेवटपर्यंत त्यांना हंगामाचा भाव मी फोनवर सांगत असे, आणि तो आधीच त्यांना ठाऊक असे. अव्वा त्यांच्या मागे बरीच वर्षं होती. माझ्या प्रत्येक परदेशवारीला ती दशम्यांचा डबा द्यायची. योकोहामाला तो कस्टमवाल्यांनी उघडून बघितला आणि हुंगून परत दिला. नेमगोंडानं दुकान चालवलं, पण चाळीस आणि नव्वदचा घोळ त्याला आयुष्यभर पुरला. पुढे पेठेत तोंडानं बोली लावायची पद्धत आली तेव्हा सगळ्यात मोठा सुस्कारा त्यानं टाकला असेल. माथुर साहेब देहरादूनला स्थायिक झाले. तिथून दर दिवाळीला त्यांचं पत्र यायचं आणि त्यात गुदगुल्यांची आठवण असायची. टायवाला तरुण त्या वर्षी नाही, पण पुढच्या वर्षी घेतला गेला. त्याचं नाव मनोहर चित्रे. माझ्या हाताखाली त्यानं बरीच वर्षं काम केलं, आणि नंतर मी त्याच्याशी लग्न केलं. तो म्हणे, मी त्या दिवशीच मजला चुकलो होतो.

वेलकर साहेब मुलाखतीच्या पुढच्या हंगामापासून स्वतः सांगलीला यायला लागले. वय साठीचं. सूट सोडून सदरा घालून पेठेत उभे राहायचे आणि सौदे करायचे. पहिल्या वर्षी फसले, दुसऱ्या वर्षी कमी फसले, आणि मग पेठेतली मंडळी त्यांना वचकून राहायला लागली. ते गेल्याचं कळलं त्या दिवशी आरवाड्यांच्या दुकानासमोर दोन मिनिटं सौदा थांबला होता, असं मला नेमगोंडानं कळवलं.

मी खात्यातून निवृत्त झाले त्याआधीची काही वर्षं मुलाखतीच्या मंडळावर बसत होते. आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. पोरं-पोरी यायची, हुशार असायची, आणि मधेच एखाद्या साध्या प्रश्नाला त्यांचं तोंड कोरडं पडायचं. शेजारचे साहेब घड्याळाकडे बघायचे, घंटेकडे हात न्यायचे. मी म्हणायची, थांबा जरा, येतंय त्याला. आणि बहुतेक वेळा यायचं.